जिवंत लेकीचा दुखवटा

हा-रामोसा, ९ मार्च

लिनेओ,

अक्षर ओळखलं असशीलच. फाडायचं असेल तर फाड, पण पुढच्या चार ओळी वाचून मग फाड. तुझी छाती तपासून घे. दोन्ही बाजूंनी. जोहान्सबर्गच्या मोठ्या रुग्णालयांत त्याचं यंत्र असतं. त्यात दाबतात, थोडं दुखतं, मिनिटभरात सुटका होते. तुला छत्तीस पूर्ण झाली, एवढं कारण पुरे.

मला काही झालेलं नाही. उगाच तर्क लढवत बसू नकोस. डोळे दाखवायला मासेरूच्या मोठ्या रुग्णालयात गेले होते, तिथे एक बाई भेटली. ती म्हणाली की हा आजार काही घराण्यांत आईकडून लेकीकडे उतरतो. मला माझी आई, तुझी आजी आठवली. छातीवर जखम घेऊन ती दोन हिवाळे अंथरुणाला खिळली होती, आणि आम्ही सगळे शेजारणीने करणी केली म्हणून त्या बिचारीशी बोलणं सोडून बसलो होतो. आजीची बहीणही तशीच गेली. म्हणून म्हटलं, तुला कळवावं.

या गावातल्या निम्म्या बायकांची खाणीतल्या नवऱ्यांना पत्रं मी लिहिली आहेत. रुसलेल्या, संशयी, नुकत्याच लग्न झालेल्या, सगळ्यांची. कोणत्या नवऱ्याला कोणत्या ओळीने पाझर फुटतो हे मला तोंडपाठ होतं. आणि स्वतःच्या लेकीला लिहायला बसले तर तीन कागद चुलीत गेले. फोन करून उपयोग नाही, माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतेस. सात वर्षं झाली. म्हणून हे टॅक्सीवाल्या तेफोच्या हाती देते आहे. तो दर शुक्रवारी तिकडे जातो आणि तू ज्या शाळेत स्वयंपाक करतेस ती त्याला ठाऊक आहे.

यंदा ज्वारी बरी दिसते आहे. छाती तपासून घे.

तुझी आई

हा-रामोसा, ३० मार्च

लिनेओ,

तू मेलीस अशी बातमी तुझ्यापर्यंत पोचली असेल तर ती खोटी आहे. आधी एवढं वाच आणि मग खाली बस, कारण सगळं सांगायचं तर मला माझ्या खोटेपणापासून सुरुवात करावी लागणार.

मासेरूला भेटलेली ती बाई म्हणजे मीच. डाव्या छातीत गाठ आहे. कॅन्सर. फेब्रुवारीच्या शेवटी औषध सुरू झालं. लाल रंगाचं असतं, शिरेतून सोडतात. आधी औषधांनी गाठ लहान करायची आणि मग कापून काढायची, असं डॉक्टरांनी ठरवलं आहे. 'लेकी असतील तर त्यांना सांगा' हे त्यांनीच बजावलं. गावात मात्र मी कोणाला सांगितलं नव्हतं. मोतीबिंदू, मोतीबिंदू म्हणून रेटत होते.

परिचारिकेने पहिल्याच दिवशी तुझ्या नावाने, 'लिनेओची आई' अशी हाक मारून सांगितलं होतं, "मे मालिनेओ, तिसऱ्या आठवड्यात केस पुंजक्यापुंजक्यांनी हातात येतील. तुम्ही आधीच कापून टाका, म्हणजे जिवाला कमी लागतं." पटलं मला. उशीवर केस दिसायला लागले तशी एका शनिवारी सकाळी मी आरसा घेतला आणि स्वतःच डोकं भादरलं. गार लागायला लागलं म्हणून घोंगडी गुंडाळून अंगणात उन्हाला बसले. अक्कल गहाण टाकली होती म्हण. आपल्या गावात बाईने डोकं भादरून, घोंगडी पांघरून, काही काम न करता अंगणात बसायचं म्हणजे घरात कोणी गेलं, हे जन्मभर पाहिलेली मी!

शेजारची मापालेसा पाण्याला चालली होती. तिने कुंपणावरून पाहिलं, बादली तिथेच ठेवली आणि मागे फिरली. मला वाटलं, चला, चौकशी टळली. अर्ध्या तासात माझ्या अंगणात अकरा बायका होत्या. माना खाली घालून आल्या, जमिनीवर बसल्या, एकीने प्रार्थनेचं गाणं उचललं. कोण गेलं हे कोणी विचारलं नाही. विचारायचं नसतंच, घरच्यांनी आपणहून सांगायचं असतं. पण हिशेब सगळ्यांनी मनात केला. माझा नवरा बारा वर्षांपूर्वी गेला, आईबाप त्याच्याही आधी. राहिलं कोण? तू.

मापालेसाने नाक पुसत सुरुवात केली. "गुणी पोर हो! माझ्या कोंबड्यांना दगड मारायची, पण मनात काही नसायचं तिच्या."

"जोहान्सबर्गच खातं माणसं," दुसरी म्हणाली.

तेवढ्यात तुझी आत्या मात्सेलिसो काठी टेकत आली. बसायच्या आधीच तिची वटवट सुरू. "मढं कधी आणायचंय? त्या तेफोच्या टॅक्सीतून आणू नका, रस्त्यात हाडं मोकळी होतील. आणि दफनाच्या जेवणाला गाय कोणाची कापायची ते आत्ता ठरवा. मागाहून सगळ्यांची तोंडं फिरतात."

लिनेओ, एक शब्द बोलले असते तर सगळं थांबलं असतं. मी तासभर मूग गिळून बसले. लेक जिवंत आहे म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग डोकं का भादरलंस? त्याचं उत्तर माझ्या घशातून निघत नव्हतं. आपला आजार सांगण्यापेक्षा आपली लेक मेली हे ऐकत बसणं मला सोपं वाटलं. असली आई आहे तुझी. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते.

मग मापालेसाने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, "शेवटचं काय बोलली गं तुझ्याशी?"

मी आठवायला लागले. काही आठवेना. सात वर्षांत तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस, आणि त्याच्या आधीचं जे आठवलं ते त्या अंगणात सांगण्यासारखं नव्हतं. मी ताडकन उठले आणि ओरडले, "माझी लिनेओ जिवंत आहे! मरणाच्या रांगेत मी उभी आहे, आणि माझाही नंबर अजून लागलेला नाही!"

गाणं अर्ध्यावर तुटलं. आत्या म्हणाली, "मग हे आधी सांगायला तोंडात काय मक्याच्या उकडीचा गोळा कोंबला होतास?"

त्यांनी मला मनसोक्त शिव्या घातल्या, आणि मग सगळ्या हात हातात घ्यायला पुढे झाल्या. तर तेही चालेना. या औषधाने रक्तातल्या, आजाराशी लढणाऱ्या पांढऱ्या शिपायांची फौज मरते, दहाबारा दिवस तर कोणाचा साधा सर्दीचा हातसुद्धा लागू द्यायचा नसतो. मी हात मागे घेतला तर मापालेसा फुरंगटून बसली. आता आत्याने फाटकाशी पाण्याचं घमेलं आणि साबण ठेवला आहे. स्वतः स्टुलावर बसते, आणि पाळकसाहेब आले तरी म्हणते, "हात धू, नाहीतर चालता हो."

या शुक्रवारी तेफोच्या टॅक्सीत मापालेसाची जाऊ तिकडे येते आहे. तिला अर्धीच गोष्ट ठाऊक आहे, म्हणून घाईने हे लिहिलं.

तपासलंस का?

आई

हा-रामोसा, १४ जून

लिनेओ,

अक्षर वाकडं आलं आहे, लावून वाच. कारण सांगतेच.

आधी तू पाठवलेल्या तापमापकाचं. एप्रिलमध्ये तेफोने पुडकं हातात दिलं. चिठ्ठी नव्हती. मी त्याला खोदखोदून विचारलं, काही म्हणाली का? तो म्हणाला, "म्हणाली, म्हातारीला सांगा, अडतीस." मी म्हटलं, अडतीस काय? तो म्हणाला, "अडतीसच्या वर गेला तर तापाची गोळी घेऊन पडून राहायचं नाही, तडक रुग्णालय गाठायचं. दोनदा म्हणवून घेतलंन माझ्याकडून." म्हणजे तू कुठल्यातरी परिचारिकेला गाठून विचारून आलीस. त्या दिवशी मी ते पुडकं उशाशी घेऊन झोपले. काचेचं आहे, फुटेल म्हणून आत्याने बोंब मारली.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी अंग मोडून आलं. जराशी कणकण. पूर्वीची मी असते तर गोळी घेऊन पांघरुणात शिरले असते. तापमापक लावला, अडतीस पूर्णांक चार. अडतीस म्हणजे अडतीस. तेफोला उठवून तसंच मासेरूला गेले. पाच दिवस शिरेतून औषधं चालली. डॉक्टर म्हणाले, गोळीने ताप झाकला गेला असता, तुम्ही आणखी एक दिवस घरी काढला असतात, आणि मग आमच्या हातात काही राहिलं नसतं. तू मला वाचवलंस, पोरी. मी त्या लायक नव्हते.

आता लाल औषध संपलं. दुसरं आहे, दर आठवड्याला. त्याने ओकारी होत नाही, पण बोटं बधिर होतात. आधी मुंग्या यायच्या, आता काही कळतच नाही. ते औषध चालू असताना हातापायांना गोठवलेल्या वाटाण्यांच्या पिशव्या बांधून बसवतात, म्हणजे गारठ्याने बोटांपर्यंत औषध कमी पोचतं. परिचारिका सांगत होती पहिल्या दिवसापासून. मी म्हटलं, जून म्हणजे भर हिवाळा, ही थंडी काय कमी आहे, वर तुझे वाटाणे! दोनदा टाळलं, आणि त्याची शिक्षा भोगते आहे. कप हातातून सुटतो. बटण लावायला मापालेसाला हाक मारावी लागते, आणि ती लावता लावता सगळ्या गावाची उणीदुणी काढते.

मागच्या आठवड्यात मी डॉक्टरांना सांगितलं, बास, मला नको. लिहायचे हात गेले तर जगून काय करू? ते रागावले नाहीत. म्हणाले, "औषध बंद नको, मात्रा कमी करू. पण मे, तीन आठवडे बोलला का नाहीत? सोसत बसण्याचं इथे बक्षीस मिळत नाही." मग मी पोटातलं सगळंच ओकले. ओकारीवर लेंगानाच्या पाल्याचा काढा घेत होते तेही सांगितलं. त्यांनी तो बंद करायला लावला. म्हणाले, घेण्याआधी विचारायचं, औषधांशी त्याचं पटतं की भांडण होतं ते आम्हाला बघू दे.

न बोलता बसायची मला खोड आहे. म्हणून आता दुसरंही बोलते.

तुझ्या नवऱ्याला, मोखेलेला पुरल्यावर त्याच्या घरचे दुखवट्यासाठी तुझं डोकं भादरायला आले. तू नाही म्हणालीस. सगळ्यांसमोर म्हणालीस, "ज्याने मला तीनदा दवाखान्यात धाडलं त्याच्यासाठी मी एक केस देणार नाही." खरं होतं. तिन्ही वेळा तुझ्या सुजलेल्या तोंडाला शेक मीच दिला होता. तरी मला वाटलं, नवऱ्याचा दुखवटा न पाळणारी लेक म्हणून लोक तोंडात शेण घालतील. वस्तरा त्यांच्या हातात होता, पण तुझं डोकं मी धरलं होतं. दोन्ही हातांनी, घट्ट. दुसऱ्या दिवशी तू गेलीस.

मी लोकांना सात वर्षं सांगत आले की पोर शहराच्या नादाला लागली. नादाला मी लागले होते, लोकांच्या. माझ्या हातून वाईट झालं, लिनेओ. मी माफी मागते. रीत होती, सासरचे होते, मी विधवा बाई, यातलं काही पुढे करत नाही. तू क्षमा करावीस असंही म्हणत नाही. तुला हे माझ्या तोंडून मिळायला हवं होतं, ते मी फार उशिरा देते आहे.

आणि तपासून घे गं. तुझ्याशी भांडण मरेपर्यंत चाललं तरी चालेल मला. पण तू जिवंत राहून भांडायला हवीस.

आई

हा-रामोसा, १० सप्टेंबर

माझ्या लिनेओ,

तुझं पत्र आलं. सात वर्षांतलं पहिलं, आणि चार ओळींचं. 'तपासून आले. उजवीकडे आहे, वाटाण्याएवढी. लवकर सापडली म्हणतात. सोमवारी लाल औषध सुरू. घाबरू नकोस.'

मी वाचलं आणि अंगणातच रडायला बसले. आत्याने पत्र हिसकावून घेतलं. तिला वाचता येत नाही, तरी सगळा कागद न्याहाळून मला परत दिला आणि म्हणाली, "रडून घे, मग ऊठ. पोरीला काय काय लागेल ते तुझ्याखेरीज कोण सांगणार?" आयुष्यात पहिल्यांदा बाई शहाण्यासारखं बोलली. तेव्हा रडून झालं आहे. आता ऐक.

औषध शिरेत सोडायच्या पाच मिनिटं आधी तोंडात बर्फ धर आणि ते संपेपर्यंत चघळत राहा. मी पहिल्या खेपेला लाजून मागितला नाही, तर तोंड असं सोललं की आठ दिवस मक्याच्या उकडीचा घास गिळवेना. थंडगार मोतोहो, ती ज्वारीची आंबवलेली पेज, तेवढी उतरायची. बर्फ देत नसतील तर थर्मासमध्ये घरून ने. जेवल्यावर प्रत्येक वेळी मीठ आणि सोडा घातलेल्या कोमट पाण्याने गुळणी कर, तोंड दुखायची वाट बघत बसू नकोस. ओकारीच्या गोळीचंही तेच, जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची. मळमळायला लागल्यावर घेतलेली गोळी म्हणजे बैल पळाल्यावर गोठ्याला लावलेली कडी.

लघवी लाल होईल. रक्त नव्हे ते, औषधाचा रंग आहे. मला कोणी सांगितलं होतं पण मी विसरले, आणि संडासातून अशी किंचाळले की मापालेसा काठी घेऊन साप मारायला धावली.

तुझ्या मुख्याध्यापिकेला सांग की पहिला आठवडा तू चुलीपाशी उभी राहणार नाहीस. शिजणाऱ्या कोबीचा वास तुला सहन होणार नाही. गार करून खाल्लं की अन्नाचा वास कमी येतो. आणि ऐक, हे डॉक्टर सांगायला विसरतात. चौथ्या दिवशी तुला वाटेल की सगळं संपलं, कशासाठी जगायचं, भिंतीकडे तोंड करून पडावं. औषधासोबत तीन दिवस ज्या तरतरीच्या गोळ्या देतात त्या थांबल्या की असं होतं. ते तुझं मन नव्हे, त्या गोळ्यांचं उतरणं असतं. त्या दिवशी कोणताही निर्णय घेऊ नकोस, नुसती पाचव्या दिवसाची वाट बघ. पाचव्या दिवशी मला भूक लागली होती.

केसांचं तू ठरव. कापायचे तर काप, गळू द्यायचे तर गळू दे, विग घाल, लाल रुमाल बांध. कोणी त्यावर चकार शब्द काढला तर माझ्याकडे पाठव. तुझ्या डोक्याला कोणी हात लावणार नाही. मीसुद्धा नाही.

तू 'घाबरू नकोस' लिहिलंस. मी फार घाबरले आहे. स्वतःच्या गाठीला इतकी घाबरले नव्हते. रात्रंदिवस वाटतं की हे माझ्या अंगातून तुझ्या अंगात गेलं, म्हणजे मीच दिलं. परिचारिका म्हणाली, "मे, तुम्ही आजार दिलात असं म्हणायचं तर पत्रही तुम्हीच पाठवलंत ना? पत्र नसतं तर ती तीन वर्षांनी आली असती, आंब्याएवढी गाठ घेऊन." मी तिला म्हटलं, आणखी एकदा म्हण. तिने म्हटलं.

माझं औषध ऑगस्टच्या शेवटी संपलं. गाठ आता चाचपूनही सापडत नाही. ऑपरेशन ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आहे. बोटांत थोडी जाग येते आहे, काल सुई टोचली तर कळलं, आणि मी खुळ्यासारखी पुन्हा टोचून पाहिली. डॉक्टरांना विचारलं, मधल्या दिवसांत प्रवास केला तर चालेल का? म्हणाले, गर्दीत तोंडाला फडकं बांधा आणि जा.

हे पत्र तुला शुक्रवारी मिळेल. मी रविवारी निघते. घाबरू नकोस, तुझ्या घरी येत नाही. तू बोलावलेलं नाहीस आणि पत्र लिहिलंस म्हणजे बोलावलंस असं मी धरत नाही. मापालेसाचा भाचा तिथे जवळच राहतो, त्याच्याकडे उतरेन. सोमवारी सकाळी तुझ्या रुग्णालयात, औषध देतात त्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलेली असेन. थर्मासमध्ये बर्फ असेल. मी नको असेन तर बोलायचीही गरज नाही, नुसती मान हलव. मी थर्मास ठेवेन आणि उठून जाईन, रुसणार नाही, गावात कोणाला सांगणारही नाही.

फक्त मान हलवायच्या आधी एकदा माझ्याकडे बघ.

तुझी आई